सोळा दिनार



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरचं राजधानीपण गेलं आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. सचिवालयाच्या फायलींबरोबर नागपूरचे कारकून, टंकलेखक, शिपाई इकडे आले. मागोमाग भेलचा कारखाना उभा राहिला, तशी विदर्भातून आणि बालाघाट-छिंदवाड्याकडून कामगारांची कुटुंबं आली. यातल्या कित्येकांच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेला पांढरा सदरा किंवा पांढरं लुगडं होतं, दीक्षेच्या दिवशी नेसलेलं. धर्म नवा, गाव नवं, भाषा हिंदी आणि ओळखीचं कुणी नाही. त्या कालकथित पिढीच्या स्मृतीसाठी आपण ही व्याख्यानमाला चालवतो.

त्या पिढीनं एकमेकांना कसं सांभाळलं, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. पगाराच्या दिवशी भिशी निघायची, आणि कुणाच्या घरी मयत झाली असेल किंवा बाळंतपण अडलं असेल, तर नंबर कुणाचाही असो, पैसे त्या घरी जायचे. त्याची पावती नसायची. आज आपल्याकडे विहार आहेत, पावतीपुस्तकं आहेत, मंडळांची बँकखाती आहेत. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात २ लाख १६ हजार बौद्ध नोंदले गेले. पण एखाद्या घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर त्या घरानं नेमकं कुणाचं दार वाजवायचं, याचं उत्तर आजही आपल्यापाशी नाही. अडचणीत आलेल्या आपल्या माणसाला पैशाची मदत द्यायची, तर ती कुणी, कशी आणि कशातून द्यायची, एवढाच माझा आजचा विषय आहे.

उत्तराची सुरुवात भोपाळपासून पन्नासेक किलोमीटरवर, सांचीला कोरून ठेवलेली आहे. आपण सहलीला जातो, तोरणांपुढे फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी कठड्याच्या दगडांवरची अक्षरं बघा. तिथे दानाचे शेकडो छोटे लेख आहेत. कुणी व्यापारी, कुणी लेखक, कुणी विणकर, कितीतरी भिक्खुणी, कितीतरी साध्या गृहिणी. दक्षिण तोरणावरचं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याची नोंद तोरणावरच आहे. एवढा मोठा स्तूप एका राजाच्या खजिन्यातून उभा राहिलेला नाही. एकेका माणसानं एकेक दगड दिला आणि आपलं नाव, आपलं गाव त्यावर लिहवून घेतलं.

त्यातला एक लेख मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पूर्व तोरणाजवळच्या कठड्यावर तो आहे. गुप्त संवत १३१, म्हणजे इसवी सन ४५०-५१. महिना आश्विन. उपासक सनसिद्ध याची पत्नी, उपासिका हरिस्वामिनी, आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ काकनादबोटच्या महाविहारातल्या आर्यसंघाला बारा दिनार देते. काकनादबोट म्हणजे आपली सांची. हे बारा दिनार खर्च करायचे नाहीत. त्यांच्या व्याजातून संघातल्या एका भिक्खूला रोज जेवण घालायचं. आणखी तीन दिनार रत्नगृहासाठी, त्यांच्या व्याजातून रोज तीन दिवे. आणखी एक दिनार जिथे चार बुद्ध बसले आहेत तिथल्या दिव्यासाठी. ते चार बुद्ध आजही महास्तूपाच्या चारही दारांसमोर बसलेले आहेत.

एकूण सोळा दिनार. रक्कम डोळे दिपवणारी नाही. याच कठड्यावर अडतीस वर्षं आधीचा दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या पदरी असलेल्या अम्रकार्दव नावाच्या अधिकाऱ्याचा लेख आहे. त्यानं पंचवीस दिनार दिले. मोठ्या हुद्द्याचा माणूस पंचवीस देतो आणि एक गृहिणी सोळा देते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि तिनं किती बारकाईनं लिहवून घेतलं आहे, ते पाहा. संघाचं कल्याण व्हावं, असं मोघम वाक्य त्यात नाही. किती भिक्खू, किती वेळा, कुठला दिवा, कोणत्या रकमेच्या व्याजातून, सगळं ठरवून दिलं आहे. या व्यवस्थेला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल मोडायची नाही, व्याज थांबू द्यायचं नाही. हरिस्वामिनी गेल्यावरही दुसऱ्या दिवशी पंगतीला एक पान वाढलं जाणार होतं.

महाराष्ट्रातही हेच सापडतं. नाशिकच्या लेण्यात, क्रमांक दहामध्ये, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून बघा. दोन हजारांवर शेकडा एकप्रमाणे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीस. एकही नाणं इकडेतिकडे नाही. राजघराण्यातल्या माणसानं दान दिलं, पण पैसा ठेवला विणकरांकडे, म्हणजे त्यांच्या मागांना भांडवल मिळालं आणि भिक्खूंना वस्त्र. एकाच रकमेनं दोन घरं चालली.

कुणी म्हणेल, हे सगळं भिक्खूंसाठी होतं, गरीब गृहस्थांचं काय? प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर त्रिपिटकातच आहे. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात राजाला यज्ञ करायचा असतो आणि राज्यात चोऱ्यामाऱ्या माजलेल्या असतात. पुरोहित त्याला सांगतो की माणसं मारून, बांधून घालून हे मिटणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणं दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला नीट वेतन दे. सिगालोवाद सुत्तात तरुण गृहस्थाला कमाईचे चार वाटे करायला सांगितलं आहे. एक वाटा स्वतःच्या उपभोगासाठी, दोन धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. ज्याच्या कमाईत चौथा वाटा उरतच नाही, त्याच्यासाठी समाजानं तो वाटा काढून ठेवायला हवा.

आणि अंगुत्तरनिकायात इण सुत्त आहे. गृहस्थाला दारिद्र्य हे दुःख आहे, असं तिथे सरळ म्हटलं आहे. मग ते दुःख पायरीपायरीनं कसं वाढतं ते सांगितलं आहे. दारिद्र्यामुळे कर्ज, कर्जामुळे व्याज, व्याज थकलं की तगादा, तगाद्यानंतर पाठलाग आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेल्या या पायऱ्या आज आपल्या वस्तीत मोजता येतात. मुलाच्या फीसाठी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं जातं. दर आठवड्याला हप्ता. तो भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज. मग हप्तेवाला संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतो आणि घरातली बाई शेजारणीकडे जाऊन बसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की संकटात सापडलेल्या घराला आपण कर्ज देऊ नये, बिनव्याजी कर्जसुद्धा नाही. जे द्यायचं ते परतीची अट न घालता द्यावं. ज्याचं पुढे चांगलं होईल तो आपणहून देईल. आपल्या लोकांचा तो स्वभाव आहे.

आता जिच्याकडून मी सर्वांत जास्त शिकलो त्या बाईकडे येतो. श्रावस्तीची विशाखा. तिनं बुद्धांकडे आठ वर मागितले. संघाला आयुष्यभर आठ गोष्टी देण्याची परवानगी तिला हवी होती. पावसाळ्याचं वस्त्र, नव्यानं गावात आलेल्या भिक्खूला जेवण, गाव सोडून निघालेल्याला जेवण, आजारी भिक्खूला जेवण, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला जेवण, आजाऱ्याला औषध, रोजची पेज आणि भिक्खुणींना अंघोळीचं वस्त्र. बुद्धांनी कारण विचारलं, तेव्हा तिनं एकेकाचं कारण दिलं. त्यातलं पाचवं ऐका. सेवा करणारा भिक्खू स्वतःच्या भिक्षेसाठी वणवण करत बसला तर आजाऱ्याचं जेवण घेऊन यायला त्याला उशीर होईल, दुपार टळून जाईल आणि आजारी माणूस उपाशी राहील.

भोपाळच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात रात्री नऊ वाजता जाऊन उभे राहा. बालाघाटहून, बैतूलहून, छिंदवाड्याहून आलेली माणसं ओट्यावर चादर अंथरून बसलेली दिसतील. पेशंट आत आहे. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार विनाखर्च होतात, आणि हा मोठा आधार आहे. पण बाहेर बसलेल्या बायकोच्या जेवणाचा त्यात समावेश नाही. तिची बुडालेली मजुरी त्यात नाही. रात्री-बेरात्री बाहेरून आणायला सांगितलेली चाचणी, रिक्षाभाडं, गावी सासूपाशी ठेवलेल्या लेकरांसाठी पाठवायचे दोनशे रुपये, यातलं काहीच नाही. अशी एक बाई मी पाहिली. पदराच्या गाठीतून नोटा काढून ती मोजत होती, पुन्हा बांधत होती, पुन्हा काढून मोजत होती. आत नवऱ्याला सलाइन लागलं होतं. तिनं सकाळपासून काय खाल्लं, हे विचारण्याची व्यवस्था कुठल्याही योजनेत नाही. विशाखेच्या यादीत ती आहे, पाचव्या क्रमांकावर.

मदत द्यायची तर अशी नजर लागते. दान देणाऱ्याला काय द्यावंसं वाटतं आणि घेणाऱ्याचं काय अडलं आहे, या दोन गोष्टी फार क्वचित एक असतात. आपल्याकडे मूर्तीसाठी, कमानीसाठी, जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी जमते, कारण ती दिसते. पेशंटजवळ बसलेल्या बाईचं जेवण दिसत नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्यात मदतीच्या पैशाचं काय स्थान होतं, ते आपल्याला पाठ आहे. पण पुन्हा एकदा क्रमानं बघू या. महूला जन्मलेल्या या मुलाच्या पुस्तकांसाठी वडील, रामजी, लेकींचे दागिने गहाण टाकायचे. म्हणजे पहिली शिष्यवृत्ती बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांची होती, हे आपण मान्य केलं पाहिजे. मग कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये दिले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानानं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या कराराने. ते कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि बडोदा सोडावं लागलं. शिष्यवृत्तीनं न्यूयॉर्कपर्यंत पोचवलं, पण बडोद्यात एक खोली मिळाली नाही. पैशाची मदत कुठे थांबते, ते इथे कळतं. १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाताना शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत कामी आली.

स्वतः उभं राहिल्यावर त्यांनी काय केलं? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. बडोद्यात न मिळालेली खोली पुढच्या मुलांना मिळावी अशी ती सोय होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून रक्कम मंजूर करून घेतली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. देशभरातली लाखो घरं तिच्यावर वर आली. या सभागृहातले अर्धे लोक त्या पैशावर शिकलेले आहेत.

दीक्षेनंतर याच शिष्यवृत्तीचा मार्ग आपल्यासाठी अरुंद झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला. बौद्धांना मिळायला १९९० उजाडावं लागलं. मधली चौतीस वर्षं ज्यानं कागदावर बौद्ध लिहिलं, त्याच्या मुलाची केंद्राची शिष्यवृत्ती धोक्यात आली. आजोबांनी दीक्षा घेतलेली आणि नातवाच्या दाखल्यावर हिंदू, अशी कितीतरी घरं त्यातूनच घडली. त्या बापांना आपण दोष देऊ नये. मुलाची फी आणि स्वतःचा धम्म यांतून एक निवडायला त्यांना भाग पाडलं होतं. त्या काळात समाजाचा स्वतःचा निधी असता तर कित्येकांना दाखल्यावर खरं लिहिता आलं असतं.

आज शिष्यवृत्ती आहे, अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत, आणि पैसे थेट खात्यात येतात. मात्र कॉलेजची फी प्रवेशाच्या दिवशी भरावी लागते आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्ष सरता सरता जमा होते. मधले आठ-दहा महिने कसे काढायचे? २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही. सरकारची मदत ही आपली हक्काची मदत आहे, ती लढून घेतलीच पाहिजे. पण सरकारच्या वेळापत्रकाप्रमाणे भूक लागत नाही.

मदत मिळवण्यासाठी माणसाला काय सोसावं लागतं, हे भोपाळला सांगायला नको. १९८४ च्या डिसेंबरमधल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर या शहरानं ते सोसलं आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९० पासून गॅसबाधित वॉर्डांत माणशी महिना दोनशे रुपये अंतरिम मदत सुरू झाली. बहुतेक आजाऱ्यांच्या वाट्याला शेवटी आली ती पंचवीस हजारांची भरपाई. आणि तेवढ्यासाठी दवाखान्याचा कागद, रेशनकार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा, दावा न्यायालयाच्या तारखा. ज्याच्या फुप्फुसांत वायू गेला होता, त्यानंच तो गेल्याचा पुरावा आणायचा. ज्या शहरानं हे पाहिलं, त्या शहरातल्या बौद्धांनी आपल्या माणसाकडे त्याच्या दुःखाचा पुरावा मागताना दहा वेळा विचार करावा.

आमच्यात आणखी एक प्रथा शिरली आहे. मदतीचा धनादेश देताना फोटो. मधे दात्याचा हात, एका बाजूला विधवा बाई, मागे बॅनर. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर वस्तीभर फिरतो. तिच्या मुलीच्या वर्गातल्या मुली तो पाहतात. दात्याचं नाव जरूर छापा. सांचीच्या दगडावर दात्यांचीच नावं आहेत. पण हरिस्वामिनीच्या दानातून जेवणाऱ्या एकाही भिक्खूचं नाव त्या दगडावर नाही.

आपल्या परंपरेत हल्ली झालेली एक चांगली गोष्टही सांगतो. १९७९ मध्ये महाराष्ट्रात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला. पुण्याच्या दापोडीतून त्याचं काम वाढलं. इंग्लंडमधल्या बौद्धांनी तिथे करुणा ट्रस्ट काढला, दारोदार फिरून निधी जमवला आणि त्यातून बहुजन हिताय संस्थेची वसतिगृहं, बालवाड्या, आरोग्याची कामं चालली. त्याच परंपरेत आता अभयरत्न ट्रस्ट आहे, जो संघसदस्यांना आजारपणात, म्हातारपणात, निवाऱ्याच्या अडचणीत अनुदान देतो. परक्या देशातला माणूस थंडीत दार वाजवून आपल्या मुलांसाठी पैसे मागतो, ही कृतज्ञतेचीच गोष्ट आहे. आणि आपल्यातले जे क्लास वन झाले, ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरूला आयटीत आहेत, त्यांनी या कामात पुढे यायला आता उशीर करू नये.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यायला सांगितलं होतं. वीस हजार कमावणाऱ्याचा विसावा भाग हजार रुपये होतो. मी आज विसावा मागत नाही. दोनशे कुटुंबांनी महिना दोनशे रुपये दिले तरी वर्षाला ४ लाख ८० हजार होतात. यातला निम्मा भाग मुद्दल म्हणून बँकेत मुदत ठेवीत जावा, तो कधीच मोडायचा नाही. निम्मा त्या वर्षाच्या गरजांना. दहा-बारा वर्षांत नुसत्या व्याजावर काही घरांचं वर्ष निघेल.

आणखी एक वाट आपल्या घरातच आहे. आपल्याकडे मयतीनंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. जमलेले नातेवाईक स्मरणार्थ पाचशे एक, हजार एक जाहीर करतात. पंगत उठते, मांडवाचं बिल दिलं जातं आणि उरलेलं कुठे जातं ते कुणी विचारत नाही. ते पैसे या मुद्दलात जावेत. आईच्या नावानं पाच हजार ठेवले तर दरवर्षी त्यांच्या व्याजातून कुणाच्या तरी वह्या येतील. हरिस्वामिनीनं आईवडिलांसाठी हेच केलं होतं.

निधीची नोंदणी सोसायटी अधिनियमाखाली, नाही तर मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली करता येते. वकील मंडळी समोर बसली आहेत, ती सांगतील. मला कळकळीनं सांगायचं आहे ते अर्जाबद्दल. अर्ज अर्ध्या पानाचा असावा. काय अडचण आहे, किती लागतील, कधीपर्यंत लागतील. सोबत फी असेल तर फीची पावती, आजार असेल तर दवाखान्याचा कागद, आणि तोही नसेल तर शेजारच्या दोन उपासिकांचा शब्द. अर्ज पाहणाऱ्या समितीत तिघे असावेत आणि त्यात किमान दोन बायका, कारण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे आधी त्यांनाच कळतं. निर्णय चार दिवसांत. रक्कम थेट खात्यावर किंवा शाळेच्या, दवाखान्याच्या नावे. फोटो नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज समितीनं घरी जाऊन लिहून घ्यावा.

पहिल्या वर्षी सगळं करू नका. दोनच गोष्टी करा. शिष्यवृत्ती येईपर्यंतची फी, आणि बाहेरगावाहून भोपाळला उपचारासाठी आलेल्या आपल्या पेशंटसोबतच्या माणसाचं दोन वेळचं जेवण. जेवणासाठी तर वेगळी रक्कमही लागणार नाही. रुग्णालयांच्या जवळ राहणाऱ्या दहा घरांनी पाळी लावली तर डबा जाईल. कुठल्या दवाखान्यात कोण आलं आहे हे कळवायला प्रत्येक विहारात एक फोन नंबर लिहून ठेवा, आणि तो बालाघाट, बैतूल, छिंदवाड्याच्या विहारांतही पोचवा. दरवर्षी अशोक विजयादशमीला सगळा हिशेब विहारात मोठ्यानं वाचावा. किती आले, कुणी दिले, किती गेले, कशासाठी गेले. घेणाऱ्यांची नावं समितीच्या वहीत राहू द्यावीत.